जुन्या स्टँडाखालचं स्टेशन

पुण्याहून परतल्यापासून लातुरात जो भेटतो तो एकच विचारतो, "काशिनाथराव, जमिनीखाली गुदमरत नाही का हो?" आमच्या गल्लीतलं कुणी अजून भुयारी मेट्रोत बसलेलं नाही. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. गुदमरत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर वाटतं तसं थंड वाटतं. पण माझ्या थोरल्या भावाला, अप्पांना, तिथल्या पायऱ्यांवरच धाप लागली होती. त्या धापेचा हवेशी काही संबंध नव्हता. ते समजायचं तर आधी आमच्या घरचं थोडं सांगावं लागेल.

गावाकडून

मी एसटीत कंडक्टर होतो. लातूर-पुणे ही माझी गाडी. अप्पा गावाकडे, शिरूर अनंतपाळच्या पुढे आमची शेती बघतात. त्यांची एकुलती एक लेक शिवलीला, आमची लीला, इंजिनियर झाली. रस्ते, पूल, इमारती बांधील म्हणून अप्पांनी हौसेनं शिकवलं. पुण्यात एका ठेकेदाराकडे नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे वाटले. पुढे एक दिवस लीलानं आईच्या फोनवर एक फोटो पाठवला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट, आणि चारी बाजूंनी कापलेल्या खडकाच्या तळाशी उभी राहून हसणारी लीला. अप्पांनी फोटो पाहिला, फोन वैनींच्या हातात दिला आणि उठून गोठ्यात गेले. त्या दिवसापासून ते लेकीशी बोललेले नव्हते. वैनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलायच्या आणि अप्पा दावणीपाशी उगाच दोर वळत बसायचे, एवढाच काय तो बाप-लेकीचा संबंध उरला होता.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पा ऐन तारुण्यात असताना त्यांनी आणि त्यांच्या जिवाच्या दोस्तानं, बळीरामनं, आमच्याच शेतात विहीर खोदायला घेतली होती. काळी माती संपून मुरूम लागला होता. एके दिवशी कड ढासळली. अप्पा छातीपर्यंत मातीत गाडले गेले. बळीराम त्यांच्याखाली होता. मी तेव्हा शाळेत होतो. गावानं हातांनी माती उपसून अप्पांना वर काढलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. बळीराम वाचला नाही. विहीर आम्ही बुजवून टाकली. अप्पांनी त्यानंतर कुठल्याही विहिरीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला मातीत बसवतात. अप्पा एकदाच म्हणाले होते, "मी जिताच बसून आलोय."

तर यंदा उन्हाळा सरता सरता लीलाचा मला फोन आला.

"काका, माझी बदली झालीय. उत्तरेत, हिमालयात. डोंगरातून रेल्वेचा बोगदा काढायचाय. लई दिवस येणं व्हायचं न्हाई. जायच्या आधी अप्पांना एकदा आणा की. मी बांधलेल्या स्टेशनात खाली न्हाई आले तरी चालतंय. त्यांना वर उन्हात बसू द्या, मी त्यांच्याशेजारी बसते."

मी गावी गेलो. अप्पा अंगणात तुरीचं बियाणं निवडत होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भेटंन तिला. लेक हाय माझी," ते म्हणाले. "पण त्या खड्ड्यात उतरणार न्हाई. आत्ताच सांगून ठिवतो, काश्या."

रस्त्यात

सकाळच्या गाडीनं निघालो. मला गाडीत तिकीट काढून बसायची अजून सवय झालेली नाही. कुणी चढलं की हात खांद्यावरच्या नसलेल्या बॅगेकडे जातो. मुरुडला चहा घेतला. टपरीवाला ओळखीचा निघाला. त्यानं आपणहून दोन कप जास्तीचे भरले आणि अप्पांना विचारलं, "लेकीकडं निघालात काय?" अप्पांनी नुसती मान डोलावली. त्या एका होकारावरही मी खूश झालो.

बार्शी गेली, ऊस लागला. भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसायला लागलं तसे अप्पा खिडकीला चिकटले. लातूरनं दुष्काळात रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं आहे. आमच्या माणसाला एवढं पाणी उघड्यावर पसरलेलं बघवत नाही.

"कुणी वापरतंय का हे, का नुसतंच बसून राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"वापरतात की."

"मंग बरं," ते म्हणाले.

वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरलो. लीला आधीच येऊन थांबली होती. ती वाकून पाया पडली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला म्हणावं, बारीक झालीस."

लीला माझ्याकडे बघून म्हणाली, "अप्पांना म्हणावं, कामानं होतंय."

त्या रात्री तिच्या खोलीवर जेवणं झाली तीही अशीच, माझ्यामार्फत. आयुष्यभर प्रवाशांची भांडणं सोडवली, पण दोन माणसांच्या मधे बसून "भाकरी वाढू का विचार", "नको म्हणावं" असं करणं फार अवघड. भाकऱ्या तिनं चांगल्या थापल्या होत्या. भाजी मात्र पुण्यात राहून गोडसर झाली होती. अप्पांनी ती मुकाट्यानं संपवली. घरी असते तर ताट सरकवलं असतं.

वर

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरला गेलो. ही जागा मला माझ्या घराइतकी माहीत. इथं जुना स्टँड होता. लातूर, नांदेड, बीड, परभणी, सगळ्या मराठवाड्याचं पुण्यातलं दार म्हणजे हा स्टँड. शिकायला आलेली पोरं, दवाखान्याला आलेले म्हातारे, बाळंतपणाला निघालेल्या पोरी, सगळी इथंच उतरायची. कंडक्टर-ड्रायव्हरच्या विश्रांतीच्या खोलीत मी किती दुपारी पंख्याखाली आडवा झालो असेन. उमरीचा एक ड्रायव्हर होता, तो झोपेतसुद्धा "नांदेड, नांदेड" ओरडायचा.

मेट्रोसाठी जमीन खोदायची म्हणून स्टँड वाकडेवाडीला हलवला. आम्ही सगळे चिडलो होतो. दोन-तीन वर्षांत परत आणतो म्हणाले, पण मी निवृत्त झालो तरी स्टँड काही परत आला नाही. आता तिथं खांब, पत्र्यांचं कुंपण आणि एका बाजूला स्टेशनचं दार आहे. दाराची घडण किल्ल्याची आठवण यावी अशी. शेजारी उंच चौकोनी धुराड्यासारखं काहीतरी उभं होतं. लीला म्हणाली, "काका, हे खालच्या हवेचं नाक. वरची हवा आत घ्यायची, खालची बाहेर सोडायची." गल्लीतल्या लोकांच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

अप्पा दाराजवळच्या कट्ट्यावर बसले. "तू ये जाऊन," मला म्हणाले. मग लीलानं मला एकट्यालाच खाली नेलं.

माझ्या डोक्यात भुयार म्हणजे अंधारं, वाकून जायचं काहीतरी होतं. प्रत्यक्षात ते दोन मजली घरासारखं आहे, फक्त जमिनीत उलटं बांधलेलं. पायऱ्या किंवा सरकत्या जिन्यानं पहिल्या मजल्यावर उतरायचं. तिथं तिकिटाच्या खिडक्या, तपासणी आणि उघडमीट करणाऱ्या फाटकांची रांग. फाटकाला तिकीट दाखवलं की ते बाजूला होतं. कंडक्टर कुठंच नाही. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिथून आणखी एक जिना उतरला की फलाट. फलाट मधोमध, लांबच लांब, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक रूळ. एका बाजूची गाडी स्वारगेटकडे जाते, दुसऱ्या बाजूची पिंपरीकडे. फलाटाच्या टोकाला दोन गोल काळी तोंडं दिसतात. तेच बोगदे.

सगळ्यात नवल वाटलं ते माणसांचं. जमिनीवर खुणा आखल्यात, तिथं रांगेत उभी राहतात. आतले उतरेपर्यंत बाहेरचे थांबतात! आपल्याकडे गाडी स्टँडात शिरायच्या आधी खिडकीतून रुमाल, टोपी, प्रसंगी लहान पोर आत टाकून जागा धरतात. मी लीलाला तसं म्हटलं तर ती खळखळून हसली. मग तिचा चेहरा एकदम पडला.

"काका, अप्पांना दाखवायचं होतं. ह्या भिंतीत किती दिवस घातलेत मी. ते वर बसलेत आणि मी खाली तुम्हाला दाखवायलेय."

आम्ही वर आलो.

कड

अप्पा त्याच कट्ट्यावर होते. ऊन त्यांच्या पायावर आलं होतं तरी सरकले नव्हते. लीला त्यांच्याशेजारी बसली. रस्त्यावरून गाड्या वाहत होत्या. मग अप्पांनी समोर बघतच विचारलं, आणि ह्या वेळी माझ्यामार्फत नाही.

"कड कशी धरली होती?"

लीला दचकली. किती वर्षांनी त्यांनी थेट तिच्याशी बोललेला शब्द तो.

"काय अप्पा?"

"एवढं खोल खोदलंस. कड कशी धरली म्हणतो मी."

लीलानं रस्त्याकडेची एक काडी उचलली आणि फरशीवरच्या धुळीत लांबट चौकोन काढला. "हे बघा. आधी खोदायचंच न्हाई. आधी कडेकडेनं खोल भोकं पाडायची आन त्यात लोखंड-सिमेंटचे खांब भरायचे. एकाला एक लागून, भिंत झाल्यागत. ते पक्के झाले की मंग मधली माती काढायची. थोडी काढली की ह्या भिंतीतनं त्या भिंतीला आडवे लोखंडी दांडे द्यायचे. मंग पुन्हा थोडी काढायची, पुन्हा दांडे. बोगद्याचं यंत्र खडक कोरत कोरत आलं आन हिथं भिंत फोडून भाईर निघालं तवा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

अप्पा त्या धुळीतल्या चौकोनाकडे बघत राहिले. "म्हंजी आधी कड, मंग खड्डा."

"व्हय. आधी कड."

"आम्ही आधी खड्डा केला," अप्पा म्हणाले. ते उठले, धोतर झटकलं. "चल. जिन्यानं येतो. त्या सरकत्यावर न्हाई आन डब्यात तर न्हाईच न्हाई."

लीलानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच तिला चल म्हटलं.

पण तपासणीपाशी अडलो. अप्पांच्या चंचीतला अडकित्ता यंत्रात दिसला. पोरगेल्याशा पहारेकऱ्यानं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि नम्रपणे म्हणाला, "बाबा, हे आत नेता येणार नाही."

"सुपारी फोडायचा हाय," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. "चला, देवानंच अडवलं. जातो मी वर."

"देव कशाला अडवंल?" लीला म्हणाली. "अडकित्त्याला बंदी हाय, तुम्हाला न्हाई." तिनं अडकित्ता तिथंच सांभाळायला ठेवून घेण्याची विनंती केली आणि बापाचा हात धरला. लहानपणी जत्रेत अप्पा तिचा धरायचे तसा, मनगटापाशी.

दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर अप्पांना धाप लागली. कठडा धरून ते उभे राहिले. कपाळावरची विभूती घामानं ओघळायला लागली. नजर वर, छताला खिळलेली. लोक बाजूनं भराभर उतरत होते. मी म्हटलं, "अप्पा, परत जाऊ. काही बिघडत नाही." त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि एक एक पायरी करत खाली उतरले. फलाटावरच्या बाकावर आम्ही त्यांना बसवलं. दोन्ही बाजूंनी गाड्या आल्या, गेल्या. पाणी पिऊन झाल्यावर ते बोलायला लागले.

"बळीराम सकाळीच म्हणला होता. कड सैल हाय, मुरूम गळायलाय, आज नको उतरू. मी म्हणलं, एवढा थर काढू, उद्या बघू. माझं शेत, माझी विहीर. त्यो मुकाट उतरला."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. घरात कुणीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की अप्पांना मातीची भीती बसलीय.

"तुझा फोटू बघितला," अप्पा लीलाला म्हणाले, "आन मला वाटलं, हिच्या वर बी कुणीतरी बसला आसंल. एवढा थर काढू, उद्या बघू म्हणणारा. आन ही मुकाट उतरंल. ते कसं सांगावं तुला? म्हून बोललोच न्हाई."

लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता. "अप्पा, मी मुकाट उतरणारी न्हाई. भिंत केसभर हलली तरी दाखवणारी यंत्रं लावलेली असतात. एकदा आकडे वाढायले होते. मी माणसं वर काढली, काम थांबवलं. मुकादम कुरकुरला, दिवस फुकट गेला म्हणला. म्हणू दे. आकडे थांबले, दांडे वाढवले, मंग उतरलो."

"तू थांबवलंस?"

"मीच."

अप्पांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्या हाताची बोटं एकेक करून बघितली, जनावराचा खूर तपासावा तशी, सावकाश. माझ्या थोरल्या भावाला रडताना मी फक्त त्या विहिरीपाशी पाहिलं होतं. आता दुसऱ्यांदा पाहिलं. शेजारच्या बाकावरची एक बाई उठून पाण्याची बाटली देऊन गेली. पुण्याची माणसं तुसडी, असं आम्ही म्हणतो. त्या बाईपुरतं तरी मी ते मागे घेतो.

नदीखालून

मग आम्ही गाडीत बसलो. पुढचं कोर्टाजवळचं स्टेशन सगळ्यात खोल, पण वरून उजेड खाली उतरेल अशी त्याची रचना केलीय. खोल जमिनीत दिवसाचा उजेड बघून मला आडात डोकावल्यासारखं वाटलं. त्याच्यापुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. लीला सांगत होती की बोगदा म्हणजे सिमेंटच्या कड्यांची माळ असते, एकेक कडी तुकड्यातुकड्यांनी जुळवलेली, आणि तुकडे एकमेकांना असे दाबून बसतात की वरून जितकं वजन येईल तितके ते घट्ट होतात. "आत्ता आपल्या डोक्यावर नदी हाय," ती म्हणाली. डब्यातलं कुणी मोबाइलमधून मान वर करत नव्हतं. मी मात्र हात जोडले. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मंडईपर्यंत गेलो आणि तिथून उलट गाडीनं परत आलो.

अडकित्ता परत घेऊन वर आलो तर दुपार झाली होती. दाराबाहेर थोड्या सावलीत बसून वैनींनी दिलेले धपाटे सोडले. खाली खायला बंदी आहे म्हणून इतका वेळ पिशवीतच होते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. लीलानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. अप्पा तिच्या पुढ्यात एकावर एक धपाटा ठेवत गेले. ती "बास" म्हणत होती आणि खात होती.

"डोंगर कसला हाय तिकडचा?" त्यांनी विचारलं. "आपल्यासारखा काळा दगड?"

"न्हाई. लई कच्चा हाय म्हणतात. भुसभुशीत. पाणी बी लागतंय मधी."

अप्पांचा घास थांबला. मी मनात म्हटलं, झालं. ही पोरगी खोटं बोलायला कधी शिकणार? पण अप्पा थोडा वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "मंग तिथं तुझ्यासारखंच माणूस पायजे. जा. पण हाताखालचं माणूस सैल हाय म्हणलं तर ऐक. लहान आसू दे, अडाणी आसू दे. ऐकायचं."

"ऐकते, अप्पा."

परतीची गाडी संध्याकाळची होती. मी म्हटलं, लीलाच्या खोलीवर जाऊन जरा पडू. अप्पांनी हात धुतले, तोंड पुसलं, अडकित्ता चंचीतून काढून माझ्या हातात दिला.

"तू बस हिथं पिशव्यांपाशी," ते मला म्हणाले. "मघाशी मी नुसतं छतच बघत राहिलो, पडतंय का म्हून. ही काय दाखवत होती, ते काहीच बघितलं न्हाई." मग लेकीकडे वळून, "चल. कंच्या भिंतीत तुझे दिवस गेले ते दाखीव."

दोघं दारातून आत गेले. जिन्यापाशी लीला थांबली, पण अप्पाच पुढे झाले आणि उतरायला लागले. मी पिशव्या जवळ ओढून सावलीत बसलो. बराच वेळ झाला तरी दोघं वर आले नाहीत. मी काही बघायला उठलो नाही.